सवयीचे व्रण

युरोप आणि अमेरिका या खंडांत गेली सुमारे पन्नास वर्षे एक चमत्कारिक धंदा चालत आलेला आहे. शवपेटीच्या आकाराचे एक यंत्र असते. त्याच्या तळाशी आणि झाकणाच्या आतल्या बाजूस दिव्यांच्या लांबलचक नळ्या बसविलेल्या असतात. गोऱ्या कातडीची माणसे पैसे मोजून त्या यंत्रात उघड्या अंगाने निजतात, वर झाकण ओढून घेतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर येतात. असे काही दिवस केले म्हणजे अंगाला तांबूस-सावळा रंग चढतो. हा रंग मिळावा म्हणूनच हा सगळा खटाटोप!

आमच्या फोपनारच्या वाचकांना हे वाचून हसू येणे साहजिक आहे. येथे वैशाखात केळीच्या बागेत अर्धा दिवस काढला की जो रंग फुकट मिळतो, तो टाळण्यासाठी आपल्या आयाबहिणी डोक्यावरचा पदर तोंडापर्यंत ओढून घेतात. तोच रंग विकत घेणारी माणसे जगात आहेत, ही गोष्ट खरी वाटू नये अशीच आहे. परंतु हसण्यापूर्वी थोडे थांबावे, एवढीच माझी विनंती आहे. कातडीच्या कर्करोगाचा विचार करू लागले म्हणजे त्या यंत्रातील निजणाऱ्यापासून आपण समजतो तितके दूर नाही, असे दिसून येईल. त्यांची सवय निराळी, आपली निराळी, एवढेच.

प्रथम त्यांचे पाहू. आपल्या कातडीच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या व काळ्या माणसाच्या कातडीत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक पडतो तो त्या किती आणि कोणत्या प्रतीचे रंगद्रव्य बनवितात यामुळे. हे रंगद्रव्य म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण, ज्यांना हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत अतिनील किरण म्हणतात, ते कातडीतील पेशींच्या केंद्रापर्यंत पोचून तेथील आनुवंशिक द्रव्याची मोडतोड करतात. त्यांना अडविण्यासाठी शरीराने उभारलेली ही छत्री आहे. ऊन लागून अंग काळवंडते ते आरोग्याचे लक्षण मुळीच नसते. आत इजा झाल्याची वर्दी मिळून शरीराने घाईने ताणलेली ती छत्री असते. यंत्रात निजणारा माणूस आधी ही इजा विकत घेतो आणि मग तिच्या खुणेला सौंदर्य म्हणतो.

किरणांचा उपयोग प्रारंभी रोग बरे करण्यासाठीच झाला होता, हेही सांगितले पाहिजे. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी कातडीच्या क्षयावर प्रकाशाने उपचार केले आणि त्याबद्दल १९०३ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे औषधाची फॅशन झाली. पूर्वी युरोपातही गोरी कातडी हीच प्रतिष्ठेची मानली जात असे, कारण शेतात राबणारा तो काळा आणि घरात बसून खाणारा तो गोरा. कारखाने वाढले, मजूर शेतातून गिरणीच्या छपराखाली गेला आणि फिका पडला. तेव्हा १९२० नंतर समुद्रकिनाऱ्यावर सुट्टी घालवून रापलेले अंग हे श्रीमंतीचे चिन्ह झाले. १९७० नंतर ते चिन्ह यंत्रातून मिळू लागले. आपल्याकडे राबणारा मनुष्य अद्याप उन्हातच आहे, म्हणून आपल्याकडे अद्याप गोरेपणाला भाव आहे. दोन्हीकडचा हिशेब एकच. केवळ बाजू उलट.

या फॅशनची किंमत काय, हे आता निश्चित झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली या यंत्रांना कर्करोगकारक वस्तूंच्या पहिल्या वर्गात घातले. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ही त्याच वर्गातली. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेल्या अनुमानाप्रमाणे, वयाच्या पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांनी ही सवय धरली, त्यांस मेलानोमा या कातडीच्या सर्वांत घातक कर्करोगाचा धोका सुमारे ५९ टक्क्यांनी अधिक असतो. ब्राझीलने २००९ सालीच ही यंत्रे बंद केली. इंग्लंडमध्ये २०११ पासून अठरा वर्षांखालील मुलामुलींना त्यांत निजण्यास मनाई आहे. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर नावाची मेलबर्नची एक तरुणी मेलानोमाने आजारी पडली. आपण पूर्वी अशा केंद्रात जात होतो आणि त्याचेच हे फळ आहे, असे ती मरणाच्या दारातून वर्तमानपत्रांत व दूरदर्शनवर सांगत राहिली. २००७ च्या सप्टेंबरात, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी ती गेली. तिच्या बोलण्याने सरकार हलले. प्रथम नियम झाले आणि २०१६ च्या प्रारंभापर्यंत तेथील राज्यांनी हा धंदा कायद्याने बंद केला. एका मुलीने आपले दुखणे झाकून न ठेवल्यामुळे हे घडले, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता आपल्याकडे वळू. गोरेपणाच्या मलमांविषयी येथे दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही, यद्यपि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपल्यापासून फार दूर नसलेल्या अकोल्यात २०२२ साली एकाच घरातील तिघींचे, आई आणि दोन मुलींचे, मूत्रपिंड बिघडले. शोध घेता घेता मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांना त्याचे मूळ एका गोरेपणाच्या मलमात सापडले. अशा मलमात दहा लाख भागांत पाऱ्याचा एक भाग, यापलीकडे कायद्याची परवानगी नाही. या मलमात तो हजारोंच्या घरात निघाला. पारा रंगद्रव्य बनू देत नाही म्हणून कातडी उजळल्यासारखी दिसते, आणि तोच पारा कातडीतून आत शिरून मूत्रपिंड खातो. ज्या डबीवर बनविणाराचे नाव-पत्ता नाही, ती घरात येऊ देऊ नये. रंगाची छत्री मोडून काढण्यासाठी विष चोळणारे आपण, त्या पेटीत निजणारांना हसण्यास कितपत पात्र आहोत, हे ज्याने त्याने ठरवावे.

परंतु माझा मुख्य विषय याहून साधा आहे, आणि म्हणूनच तो कोणाच्या ध्यानात येत नाही. तो विषय म्हणजे कमरेची गाठ.

आपल्या सावळ्या कातडीची छत्री चांगली दाट आहे. त्यामुळे उन्हाने होणारा कातडीचा कर्करोग आपल्या लोकांत फार थोडा. यावरून असा समज झाला आहे की, हा रोग गोऱ्या लोकांचा, आपला त्याच्याशी संबंध नाही. हा समज चुकीचा असल्याचे आपल्याच एका थोर संशोधकाने ऐंशी वर्षांपूर्वी दाखवून दिले होते. त्यांचे नाव डॉक्टर वसंत रामजी खानोलकर. १९४१ साली मुंबईस परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले, त्याच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी वाहिली. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांनी भूषविले. कर्करोगाचे कारण शोधताना माणूस काय खातो, काय नेसतो, कसा बसतो-उठतो याकडे पाहिले पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. १९४५ साली त्यांनी आपल्या सहकारी बी. सूर्याबाई यांच्यासह अमेरिकेतील एका रोगशास्त्रविषयक मासिकात एक निबंध प्रसिद्ध केला. हिंदुस्थानातील लोकांच्या चालीरीतींतून उद्भवणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. त्यांपैकी एकाला वैद्यकाच्या ग्रंथांत आजही 'धोतर कर्करोग' म्हणूनच ओळखतात.

धोतर नेसणारा मनुष्य वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेवर ते आवळून बांधतो. घाम, धूळ आणि घर्षण यांनी त्या रेषेवरची कातडी प्रथम काळी व राठ होते, खाजते, सोलवटते, पुन्हा भरून येते. क्वचित एखाद्याच्या बाबतीत हे चक्र कधी थांबतच नाही. सोलवटलेली कातडी भरून काढण्यासाठी तेथील पेशींना सारखे विभागावे लागते. नकलणाराने एकच पोथी हजार वेळा उतरून काढली तर कोठे ना कोठे अक्षर चुकणारच. पेशींचेही तसेच आहे. त्यातच व्रणाच्या जागी रक्ताचा पुरवठा तुटपुंजा आणि शरीराच्या राखणदार पेशींचा वावर कमी, त्यामुळे चुकलेली पेशी हेरली जात नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी त्या जागी न भरणारे क्षत उभे राहते. जुन्या व्रणांवरच्या अशा क्षतांचे वर्णन फ्रान्समधील शस्त्रवैद्य मार्जोलँ यांनी १८२८ सालीच केले होते, आणि त्यांचेच नाव त्यास पडले आहे.

सवयीतून कर्करोग होतो ही कल्पनाही नवी नाही. लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्या पोरांच्या कातडीवरील कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. काश्मिरात थंडीच्या दिवसांत लोक पायघोळ झग्याखाली निखाऱ्यांची बुरुडकामात बसविलेली मातीची शेगडी, म्हणजे कांगडी, पोटाशी धरून बसतात. तिच्या धगीने पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाविषयी एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरांनी १८६६ साली लिहून ठेवले आहे. काश्मिरी माणसाची कांगडी, विलायती माणसाची दिव्यांची पेटी, आपली कमरेची गाठ. पहिलीत गरज आहे, दुसरीत हौस आहे आणि तिसरीत काय आहे, तर नुसता परिपाठ. आई नेसे तशी मुलगी नेसते.

धोतर आता खेड्यांतूनही विरळ होत चालले, म्हणून हा प्रश्न मिटला असे कोणास वाटेल. तसे झालेले नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी पुढे अशाच रोगाच्या स्त्रिया पाहिल्या आणि 'साडी कर्करोग' हे नाव प्रचारात आले. २०२४ च्या नोव्हेंबरात वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील व बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी मिळून दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीचे वय सत्तर. तिच्या उजव्या कुशीवर, जेथे नाडी बसते तेथे, दीड वर्ष एक क्षत होते आणि ते काही केल्या भरत नव्हते. त्याच्या पूर्वी त्या जागी कातडीचा रंग उडालेला एक लहानसा डाग होता. किरकोळ म्हणून तिने तो सोडून दिला होता. दुसरी सत्तरीच्या उंबरठ्यावरची. ती चाळीस वर्षे रोज, आत परकर न घालता, लुगडे कमरेशी घट्ट आवळून नेसत आलेली. तिच्या क्षताला दोन वर्षे झाली होती आणि रोग जांघेतल्या गाठीपर्यंत पोचला होता. तुकडा काढून तपासला तेव्हा दोघींच्याही क्षतात कर्करोग निघाला. दोष साडीचा नसून आवळलेल्या नाडीचा आहे, असे या डॉक्टरांचे मत पडले, आणि म्हणून त्यांनी या रोगाला परकराचे नाव सुचविले.

लुगडे हा शब्द त्या इंग्रजी नियतकालिकात जसाच्या तसा छापलेला पाहून मन क्षणभर चरकते. ज्या वस्त्राच्या ओच्यात आपण लहानपणी बोरे-चिंचा वेचून आणल्या, ज्याच्या घडीखाली आजी पावसाळ्याच्या रात्री आपल्याला घेऊन निजली, त्याचे नाव अशा ठिकाणी यावे! परंतु रोगाला वस्त्राची भीड नसते. तापीकाठच्या या भागात केळीच्या बागेत आणि कपाशीच्या शेतात काम करणाऱ्या बाया पहाटे जी गाठ मारतात ती रात्री निजेपर्यंत सुटत नाही, आणि पुष्कळजणींची निजतानाही सुटत नाही. वाकून काम करायचे तर नेसण सुटता कामा नये, म्हणून गाठ अधिक आवळायची. कनवटीला चार पैसे, तंबाखूची पुडी, किल्ल्या. त्यांचाही भार त्याच रेषेवर. वर मे महिन्याचा घाम. नाडी तर हल्ली नायलॉनची असते. ती सुतळीसारखी कातडीत रुतते, घाम शोषीत नाही आणि झिजून तुटतही नाही. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रीच्या कमरेवर काळा, खरखरीत, बोटभर रुंदीचा पट्टा नसेल, असे घर या पंचक्रोशीत विरळच असेल.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. असा पट्टा असणाऱ्या प्रत्येकीला कर्करोग होतो, असे कोणीही म्हणत नाही. लाखो स्त्रियांच्या कमरेवर तो असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना हे दुखणे जडते. आपल्या देशात पुरुषांच्या तोंडाचा आणि स्त्रियांच्या स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांनी जितकी माणसे नेली, त्यांच्यापुढे कमरेच्या या रोगाची गणना होण्यासारखी नाही. ज्याला एकच व्यसन सोडायचे असेल त्याने तंबाखू सोडावी, यात दुमत नाही. खानोलकरांच्या त्याच निबंधात तंबाखूचाही हिशेब आहे. मग इतक्या विरळ रोगासाठी या अंकाची पाने का खर्ची घालावी, असा आक्षेप समंजस वाचक घेईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे.

पहिले उत्तर असे की, हा रोग टाळण्यास कवडीचाही खर्च येत नाही. तंबाखू सुटता सुटत नाही, हे घरोघर ठाऊक आहे. नाडी सैल करण्यास कोणता मोह आडवा येतो? दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. या दोन स्त्रियांची हकीकत वाचताना मनाला बोचते ती रोगाची विरळता नव्हे. बोचतो तो काळ. एकीचे दीड वर्ष, दुसरीची दोन वर्षे. एवढा काळ त्या जागी ओले क्षत होते, त्याला नाडी घासत होती, आणि ते योग्य वैद्यापुढे येत नव्हते. यात बुद्धीची उणीव नाही. आपल्याकडील स्त्रीचे अंग जिथे झाकलेले, तिथले दुखणेही झाकलेलेच राहते. सुनेला सांगावे तर ती काय म्हणेल, मुलाला सांगण्याची सोय नाही, डॉक्टर पुरुष. आणि मुलाची मजुरी बुडवून त्याला बुऱ्हाणपूरला न्यायचे ते कशासाठी, तर कमरेवरच्या एका फोडासाठी! मग त्यावर हळद भरली जाते, पानाचा चुना लावला जातो, कोणी बिब्बा घालतो, कोणी डागणी देतो. बिब्ब्याने आणि डागणीने कातडी आणखी भाजते, म्हणजे रोगाला हवी ती जमीन आपणच नांगरून देतो. हाच संकोच स्तनातील गाठ झाकतो, हाच अंगावरून जाणारे अवेळचे रक्त झाकतो. कमरेच्या क्षतापासून बोलण्याची सवय लागली, तर ती पुढे मोठ्या रोगांच्या वेळी जीव वाचवील, असे माझे मत आहे. क्लेअर ऑलिव्हरची आठवण ठेवावी असे मी वर म्हटले, ते याचसाठी.

काही लोक या बातमीचा उलटाच अर्थ लावतील, अशी मला भीती वाटते. नऊवारी टाका, साडी टाका, विलायती पोशाख करा, म्हणजे रोग टळला! हा निव्वळ उतावळेपणा होय. विजारीची रबरी पट्टी किंवा तंग कमरपट्टा रात्रंदिवस एकाच जागी रुतत राहिला तर कातडी त्याचीही गय करणार नाही. मुलांच्या कमरेला आपण करगोटा बांधतो. मूल वाढते आणि करगोटा तेवढाच राहतो, हे पुष्कळ घरांत दिसते. नेसण कोणतीही असो, तिची रेषा रोज थोडी वर-खाली करावी, निजताना गाठ सोडावी, घामेजलेली जागा धुऊन कोरडी करावी. जाड सुती कापडाची चार बोटे रुंद पट्टी नाडीऐवजी लावली म्हणजे तोच भार चौपट जागेवर वाटला जातो; दाबाचा हा नियम विज्ञानाच्या तासाला शिकलेलाच आहे, फक्त तो आजीच्या परकराला लावून पाहिलेला नसतो.

व्रणांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती सांगितली पाहिजे. चुलीत, स्टोव्हच्या भडक्यात किंवा उकळत्या पाण्याने भाजलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत. लहानपणी भाजलेला हात जसातसा भरतो, कातडी ओढल्यासारखी राहते आणि वरचेवर फुटते. मार्जोलँचे क्षत अशा जुन्या भाजल्या जागीही उठते, आणि तेही मधे काही दशके लोटल्यावर, म्हणून त्या दोहोंचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. तसेच, सावळ्या माणसाला मेलानोमा होत नाही असे नाही. त्याला तो उन्हात उघड्या राहणाऱ्या अंगापेक्षा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली अधिक आढळतो. अनवाणी चालणाराच्या तळव्यावर काळा डाग पसरत चालला असेल, तर काटा मोडला असेल म्हणून त्याची बोळवण करू नये.

आणि ज्यांच्या कातडीत व केसांत जन्मतःच रंग नसतो, अशी पांढऱ्या केसांची, उन्हात डोळे मिचकावणारी मुले क्वचित आपल्यात असतात. त्यांना मात्र निसर्गाने छत्री दिलेलीच नाही. त्यांच्यासाठी येथले ऊन हे त्या विलायती पेटीइतकेच, किंबहुना अधिक घातक आहे. अशा मुलाला टोपणनाव ठेवण्याऐवजी खेळाच्या तासाला झाडाखाली उभे राहू द्यावे, लांब बाह्यांचा सदरा व काठाची टोपी घालण्यास मुभा द्यावी. गणवेशाचा नियम त्याच्यापुरता वाकविला तर शाळेची शिस्त बिघडत नाही.

आता विद्यार्थिनींना उद्देशून थोडे. घरातील सर्वांत जवळची साक्षीदार तूच असतेस. आजीच्या पाठीला तेल तू लावतेस, तिचे केस तू विंचरतेस, तिला न्हाऊ घालताना पाठीमागे तूच बसलेली असतेस. मुलासुनेला जे दिसत नाही ते तुला दिसते. कमरेवरचा पट्टा नुसता काळा व कोरडा असेल तर नाडी सैल करावी, तिची जागा बदलावी. कातडी हळूहळू मऊ पडते. परंतु तेथे रंग उडालेला डाग असेल, खपली धरून पुन्हा पुन्हा फुटत असेल, कडा उचलल्यासारख्या व कठीण लागत असतील, घाण वास किंवा रक्त येत असेल, आणि गाठ सैल करून तीन-चार आठवडे झाले तरी ते भरत नसेल, तर ते आईला सांगितलेच पाहिजे. आजी रागावेल. रागावू दे. आशाताई गल्लीत येतात तेव्हा त्यांच्या कानावर घातले तरी चालेल. बायकांचे बायकांत बोलणे सोपे जाते. जिल्हा रुग्णालयात गेल्यावर तपासणीच्या वेळी परिचारिकेला जवळ उभे राहण्यास सांगण्याचा रोग्याला अधिकार आहे, आणि तसे सांगण्यात लाज नाही. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासण्याची गोष्ट काढली तर घाबरून परत येऊ नये. लोखंड लागले की रोग भडकतो, ही समजूत आपल्याकडे फार आहे आणि ती सर्वस्वी निराधार आहे. तुकड्यावाचून हे क्षत साधे की घातक हे सांगता येत नाही. आणि रोग कातडीपुरता असताना तो कापून काढला तर बहुधा तेथेच संपतो.

आजीला ही गोष्ट कशी सांगावी, हा प्रश्न मात्र अवघड आहे. लुगड्याला नाव ठेवलेले तिला खपणार नाही, आणि ठेवूही नये. कर्करोग हा शब्द प्रथमच काढला तर ती दोन दिवस जेवणार नाही. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी तिचे परकर घेऊन बसावे, जुन्या सुती लुगड्याचा पदर फाडून त्याची रुंद पट्टी शिवावी, नायलॉनच्या नाड्या ओढून काढाव्यात आणि त्या जागी ही पट्टी ओवावी. शिंप्याकडे दिले तरी फार वेळ लागत नाही. नव्या पट्टीने कंबर दुखते की हलकी वाटते, एवढेच आठवड्याने तिला विचारावे, आणि ती सांगत असता जुन्या नाडीची जागा एकदा उजेडात नीट पाहून घ्यावी.